गारपीट, कर्ज आणि अब्रू : १९३० चा स्पॅनिश मूकपट समजून घेताना

जुना स्पॅनिश ग्रामीण चित्रपट म्हटला की बहुतेकांच्या डोळ्यांपुढे स्पेनचा दक्षिण भाग, अंदालुसिया, उभा राहतो. गिटार, चाकू, ऐन लग्नातून पळून जाणारी नवरी, असला मसाला. दिग्दर्शक फ्लोरियान रेय याचा 'ला आल्देआ माल्दिता', म्हणजे 'शापित गाव', बघायला बसाल तर आधी यातलं काहीच हाती लागणार नाही. लागेल ती गारपीट, रिकामी कोठारं आणि कर्ज मागायला निघालेले शेतकरी. बाई, नवरा, पतन, सूड हे सगळं नंतर येतं, आणि येतं तेव्हा जोरात येतं.

हा चित्रपट अब्रूचा आहे असं बहुतेक ठिकाणी वाचायला मिळतं. ते खरंच आहे. पण माझ्या मते तो आधी धान्याचा आहे आणि मग अब्रूचा. धान्याचा भाग नीट कळला नाही तर पुढचा सगळा प्रकार निव्वळ रडका वाटतो. एका तापट नवऱ्यानं बायकोचा छळ केला, एवढंच हाती राहतं. म्हणून जरा मागून सुरुवात करू.

गोष्ट थोडक्यात अशी. स्पेनच्या मध्यभागातल्या कास्तिया प्रांतातलं लुहान नावाचं कल्पित गाव. वर्षामागून वर्षं पीक हातचं जातंय, आणि गावाला शाप लागलाय यावर लोकांचा विश्वास बसलाय. हुआन दे कास्तिया हा तिथला शेतकरी. घरात बायको आकासिया, पाळण्यातलं मूल आणि आंधळा म्हातारा बाप. गावात धान्य आहे ते फक्त लुकास या धनिकाकडे. हुआन त्याच्या अंगावर धावून जातो आणि तुरुंगात पडतो. इकडे गावकरी एकजुटीनं गाव सोडायचं ठरवतात. मागदालेना ही मैत्रीण आकासियाला म्हणते, चल शहरात. सासरा म्हणतो, तुला जायचं तर जा, नातू इथून हलणार नाही. ती मूल मागे ठेवून जाते. काही वर्षांनी हुआन एका मोठ्या शेतावर मुकादम झालाय, बरे दिवस आलेत, आणि सेगोव्हिया शहरातल्या एका गुत्त्यात त्याला आकासिया सापडते. गुत्त्यात बाई काय करते ते सांगायची गरज चित्रपटाला वाटत नाही.

तो तिला घरी आणतो. माफी म्हणून मात्र आणत नाही. म्हाताऱ्याला काही कळू नये एवढ्यासाठी आणतो. म्हातारा जिवंत आहे तोवर तिनं सुनेसारखं घरात वावरायचं, पण मुलाला हात लावायचा नाही, त्याचा पापा घ्यायचा नाही. म्हातारा डोळे मिटतो त्या दिवशी तिला बाहेर काढलं जातं. ती भ्रमिष्ट होऊन बर्फातून भटकत ओसाड लुहानला पोचते. शेवटी हुआन येतो आणि क्षमा करतो. गोष्ट संपते.

एक पीक, अर्धं रान

आता धान्य. कास्तियाचं पठार समुद्रसपाटीपासून सातशे-आठशे मीटर उंचावर आहे. हिवाळा लांब आणि कडक, उन्हाळा कोरडा. तिथली बहुतेक शेती कोरडवाहू गव्हाची. शरद ऋतूत पेरायचं आणि पुढच्या उन्हाळ्यात, जुलैच्या सुमारास कापायचं. वर्षाला पीक एकच. त्यात जमिनीचा कस टिकावा म्हणून अर्धं रान दर वर्षी पडीक ठेवायची तिथली जुनी रीत. म्हणजे कागदावर ज्याची दहा हेक्टर जमीन, त्याच्या हाती एका वर्षी पाच हेक्टरांचंच पीक.

अशा शेतीत गारपिटीची वेळ फार महत्त्वाची. डिसेंबरात गारा पडल्या तर फारसं बिघडत नाही. ओंब्या भरल्यावर, कापणीच्या तोंडावर पडल्या तर पाऊण तासात वर्ष संपतं. आणि ते एकच वर्ष संपत नाही. घरात खायला धान्य नाही, खंड द्यायला नाही, पुढच्या पेरणीला बियाणं नाही. बियाणं उसनं घेतलं की पुढच्या वर्षीचं पीक उगवायच्या आधीच कुणाच्या तरी नावावर लागलेलं असतं. पुढच्या वर्षी पुन्हा गारा आल्या तर हिशेब करायलाही काही उरत नाही. लुहानमध्ये हेच झालेलं आहे. 'शाप' हा शब्द गावकऱ्यांनी या गणिताला दिलेलं नाव आहे असं समजा.

मग मदत कुठून मिळायची? स्पेनमध्ये 'पोसितो' नावाची गावची सामायिक धान्यकोठारं शतकानुशतकं होती. नडलेल्याला बियाणं द्यायचं, सुगीनंतर थोडं जास्त घेऊन परत भरून घ्यायचं, हा त्यांचा उद्देश. पण अनेक गावांत ही कोठारं बुडीत निघालेली होती किंवा गावातल्या वजनदार माणसांच्या हातात गेलेली होती. राहिला सावकार.

सावकारीविरुद्ध कायदा नव्हता असंही नाही. गुमेर्सिंदो दे आस्कारातेच्या नावानं ओळखला जाणारा कायदा २३ जुलै १९०८ रोजी झाला. कर्जावरचं व्याज नेहमीच्या दरापेक्षा फारच जास्त आणि परिस्थितीच्या मानानं उघडउघड विषम असेल तर न्यायालयानं करार रद्द करावा, आणि ऋणकोनं फक्त मुद्दल फेडावं, अशी त्याची सोपी रचना. गंमत म्हणजे हा कायदा आजही लागू आहे. क्रेडिट कार्डाच्या अवाढव्य व्याजाविरुद्ध स्पेनमधले लोक आज कोर्टात जातात ते याच शतक उलटलेल्या कायद्याचा आधार घेऊन.

मग हुआन कोर्टात का गेला नाही? कारण गाव. १८७४ पासून जवळजवळ अर्धशतक स्पेनचं राजकारण ज्या खांबांवर उभं होतं त्यातला एक म्हणजे 'कासिके', गावचा पुढारी. जमीन त्याच्याकडे, कर्ज देणार तो, महापौर त्याच्या शब्दातला, निवडणुकीत मतं कुणाला पडणार हेही तोच ठरवणार. माद्रिदमध्ये दोन पक्ष आळीपाळीनं सत्तेवर येत आणि खाली गावोगावचे कासिके त्यांना हवा तो निकाल आणून देत. १९२३ मध्ये जनरल प्रिमो दे रिव्हेरानं सत्ता बळकावली तेव्हा ही कासिकेशाही मोडून काढू अशी घोषणा होती. ती मोडली नाही. १९३० च्या जानेवारीत हुकूमशहा स्वतःच पायउतार झाला. त्याच वर्षी हा चित्रपट पडद्यावर आला. तेव्हा लुकाससारखा माणूस पडद्यावर दिसला की प्रेक्षकाला त्याची ओळख करून द्यावी लागत नव्हती. हुआनच्या हाताशी अर्ज नव्हता, मूठ होती. ती त्यानं वापरली आणि गजाआड गेला.

गाव निघतं तो प्रसंग

या चित्रपटाचं नाव चित्रपटांच्या इतिहासात टिकलं ते एका प्रसंगासाठी : अख्खं गाव निघतं तो. घरांना कुलपं लागतात, गाड्यांवर बोजे चढतात, जनावरं, पोरंबाळं, म्हाताऱ्या, सगळे एका ओळीत गावाबाहेर पडतात. रेय घाई करत नाही. गाड्या येत राहतात, जात राहतात. इतर दिग्दर्शकांनी दोन दृश्यांत उरकलं असतं ते तो लांबवतो, आणि त्या लांबीतूनच कळतं की ही एका कुटुंबाची फाटाफूट नाही, गावच विसर्जित होतंय. हे सगळं हुआन गजांआडून बघतो. ज्या गाडीत आपली बायको आहे ती गाडी तो थांबवू शकत नाही.

चित्रण कास्तियातल्याच खऱ्या गावांत झालं. त्यातलं मुख्य म्हणजे सेगोव्हिया प्रांतातलं पेद्रासा. तटबंदीचं गाव, आत जायला-यायला एकच वेस, आणि त्या वेशीला लागूनच जुना तुरुंग. जागा निवडणाऱ्याला दाद द्यावी अशी ही रचना आहे. ज्या वाटेनं गाव बाहेर पडणार त्याच वाटेवर तुरुंग. स्टुडिओत उभं केलं असतं तर लोक म्हणाले असते, फारच जुळवून आणलंय. (आज हेच पेद्रासा इतकं नीटनेटकं राखलेलं आहे की शनिवार-रविवारी माद्रिदची मंडळी भाजलेलं कोकरू खायला तिथं येतात. चित्रपटातलं दारिद्र्य शोधत गेलात तर हॉटेलांच्या पाट्या दिसतील.)

आकासियाचं काम कार्मेन वियान्से हिनं केलं आहे आणि हुआनचं पेद्रो लारान्यागा यानं. लारान्यागानं निर्मितीतही रेयला साथ दिली होती. मूकपटातला अभिनय म्हटला की हात छातीवर आणि डोळे आभाळाकडे, अशी आपली समजूत असते. वियान्से त्यापेक्षा बरीच आवरती आहे. घरी परत आणल्यानंतरच्या भागात तिला करण्यासारखं काहीच दिलेलं नाही, कारण तिला सगळ्याचीच मनाई आहे. ती बसते, उठते, नजर खाली घालते. मूल हाताच्या अंतरावर आहे. अशा वेळी अभिनेत्रीनं काहीही 'करून दाखवलं' असतं तर दृश्य पडलं असतं.

अब्रू कशी चालते

आता दुसरा भाग. अब्रू आपल्याला नवीन नाही, पण स्पॅनिश नाटकात आणि चित्रपटात तिचा एक ठराविक व्यवहार आहे आणि तो आधी माहीत असलेला बरा. सतराव्या शतकात लोपे दे व्हेगा आणि काल्देरोन या नाटककारांनी त्यावर ढीगभर नाटकं लिहिली. त्यांतला ढोबळ नियम असा : पुरुषाची अब्रू त्याच्या स्वतःच्या वागण्यावर फार थोडी अवलंबून असते. ती घरातल्या बाईच्या वागण्यावर असते, आणि बाईनं खरोखर काय केलं यापेक्षा लोकांना काय कळलं यावर जास्त असते. त्यामुळे गुपचूप घडलेलं पाप गुपचूप निस्तरता येतं. चारचौघांत फुटलं की मात्र चारचौघांतच भरपाई करावी लागते.

हा नियम गरिबाच्या घरात जास्त कडक का होतो, इथं धान्याचा धागा परत येतो. जमीन गहाण, कोठार रिकामं, हाती बेड्या पडून गेलेल्या. अशा माणसाकडे गारपिटीनं न झोडपलेली आणि लुकासला न लिहून दिलेली एकच वस्तू उरते, ती म्हणजे नाव. हुआनचं आडनावच 'दे कास्तिया' ठेवलंय, म्हणजे नावासकट सगळा प्रांत त्याच्या पाठीवर. तो जे वागतो ते मला पटत नाही, पण त्याच्या हातात दुसरं काय होतं हे चित्रपटानं आधीच दाखवून ठेवलेलं आहे. अर्थात आकासियाचं सगळं त्याच गारपिटीत गेलं होतं आणि शिवाय मूलही. तिनं त्या मधल्या वर्षांत काय खाल्लं हे तिला कुणीच विचारत नाही. कथा ती वर्षं सरळ उडी मारून ओलांडते. मला ही चित्रपटाची सर्वांत मोठी पळवाट वाटते.

आणि मग तो आंधळा म्हातारा. माझ्या मते रेयनं केलेली सर्वांत धारदार गोष्ट ही आहे. घरातला सगळा देखावा, नवरा-बायको एकत्र, सून स्वयंपाकघरात, कुळाची लाज शाबूत, हा देखावा ज्याच्यासाठी मांडलाय त्याला दिसतच नाही. त्याला फक्त ऐकू येतं. म्हणजे आवाज नीट ठेवला की अब्रू सांभाळली गेली. अब्रू ही लोकांनी बघण्यासाठी असते हा काल्देरोनच्या काळापासूनचा नियम इथं एका माणसावर येऊन थांबतो, आणि तो माणूस बघू शकत नाही. रेयला यातला उपरोध अभिप्रेत होता का? म्हाताऱ्याकडे तो फार आदरानं बघतो, म्हणून नसावा असंही वाटतं. पण पडद्यावर तो आहे, आणि एकदा ध्यानात आला की त्याच्याकडे डोळेझाक करता येत नाही.

प्रेक्षक हुआनला राक्षस का समजला नसेल हे कळायला तेव्हाचा कायदा बघावा लागतो. १८७० च्या स्पॅनिश दंडसंहितेचं कलम ४३८ सांगत होतं : नवऱ्यानं बायकोला परपुरुषाबरोबर रंगेहाथ पकडलं आणि तिथंच तिला किंवा त्या पुरुषाला ठार केलं, किंवा जबर जखमी केलं, तर शिक्षा फक्त हद्दपारी. किरकोळ जखमा केल्या तर शिक्षाच नाही. घरात राहणाऱ्या तेवीस वर्षांखालच्या मुलीच्या बाबतीत बापालाही हीच सवलत. बायकोचा व्यभिचार हा गुन्हा होता. नवऱ्याचा गुन्हा तेव्हाच, जेव्हा त्यानं रखेल राहत्या घरात आणून ठेवली किंवा बाहेर ठेवून गाजावाजा होऊ दिला. १८८९ च्या नागरी संहितेत नवऱ्यानं बायकोचं रक्षण करावं आणि बायकोनं नवऱ्याच्या आज्ञेत राहावं असं कलमच होतं. घटस्फोट म्हणजे फक्त वेगळं राहणं, पुन्हा लग्नाची मुभा नाही. प्रिमो दे रिव्हेराच्या १९२८ च्या दंडसंहितेनं खुनाच्या सवलतीत फेरफार केला, पण त्यामागचा विचार तोच राहिला.

या चौकटीत हुआनकडे बघा. तो हात उगारत नाही, तक्रार करत नाही, बायकोला छपराखाली आणतो. तेव्हाच्या प्रेक्षकाच्या हिशेबानं तो संयमी आहे. आपल्याला जी थंड क्रूरता वाटते ती त्यांच्यातल्या अनेकांना मोठेपणा वाटली असणार. हा चित्रपट अब्रूच्या बाजूचा की विरुद्ध, या प्रश्नावर म्हणूनच अजून एकमत नाही. कथा तर जुन्या नियमाप्रमाणेच चालते : पाप, प्रायश्चित्त, क्षमा, आणि क्षमा करण्याचा अधिकार शेवटपर्यंत नवऱ्याकडेच. कॅमेरा मात्र आकासियाच्या बाजूला जाऊन बसतो. बर्फातून चालणारी, पोरांचे दगड खाणारी, ओसाड घरात रिकामा पाळणा हलवणारी तीच आपल्याला दिसत राहते. हुआनच्या नीतीवर या चित्रानं जेवढा प्रश्न उभा राहतो तेवढा संवादानं राहिला नसता.

बोलपटाच्या दारात

संवादाचा विषय निघालाच आहे तर थोडं तंत्राबद्दल. १९३० म्हणजे मूकपट जवळजवळ संपलेला. अमेरिकेत बोलपटानं बाजार काबीज केला होता आणि स्पेनमध्ये बोलपटासाठी सुसज्ज स्टुडिओ एकही नव्हता. पहिला, बार्सिलोनातला ओर्फेआ, उघडला तो १९३२ मध्ये. त्यामुळे रेय फिल्म घेऊन पॅरिसला गेला आणि तिथं ध्वनी असलेली आवृत्ती तयार करून घेतली. पॅरिसमध्ये ती चांगली चालली. आज मात्र उलटं झालंय. ध्वनीची आवृत्ती हरवली आणि जुनाट ठरलेली मूक आवृत्ती उरली. एका परीनं बरंच झालं म्हणायचं, कारण गाव निघण्याच्या त्या प्रसंगावर कुणी गाणं चढवलं असतं तर काय झालं असतं याची कल्पना करवत नाही.

रेयचं खरं नाव आंतोनियो मार्तिनेस देल कास्तियो. जन्म १८९४, सारागोसा प्रांतातल्या ला आल्मुनिया दे दोन्या गोदिना या गावात. आधी पत्रकार, मग नट, मग दिग्दर्शक. पुढं तीसच्या दशकात इम्पेरियो आर्जेंतिना या गायिका-नटीबरोबर त्यानं गाण्यांचे चित्रपट केले, त्यांना तुफान गर्दी झाली, आणि स्पेनमध्ये त्याचं नाव घराघरांत पोचलं ते त्या चित्रपटांमुळे. 'शापित गाव'सारखं उघडंबोडकं काही त्यानं पुन्हा केलं नाही. तो १९६२ मध्ये गेला.

पण याच गोष्टीकडे तो एकदा परत आला, आणि तो परत आला तो काळ मोठा बोलका आहे. मधल्या वर्षांत १९३१ मध्ये राजेशाही जाऊन प्रजासत्ताक आलं. १९३२ मध्ये त्यानं घटस्फोटाचा कायदा केला आणि दंडसंहितेतून ती बायकोच्या खुनाची सवलतही काढून टाकली. मग १९३६ ते १९३९ यादवी युद्ध, आणि जनरल फ्रँकोची हुकूमशाही राजवट. फ्रँकोनं घटस्फोट रद्द केला आणि ११ मे १९४२ च्या कायद्यानं व्यभिचार पुन्हा गुन्हा ठरवला. त्याच १९४२ मध्ये रेयनं 'ला आल्देआ माल्दिता' पुन्हा काढला, या वेळी बोलपट म्हणून. तीच आकासिया, तोच हुआन, पण आता गोष्टीला धर्माचा आणि पश्चात्तापाचा रंग गडद. दोन वर्षांनी, १९४४ च्या दंडसंहितेत, खुनाची सवलतही परत आली. ती निघाली १९६३ मध्ये. व्यभिचार गुन्ह्यांच्या यादीतून गेला १९७८ मध्ये आणि घटस्फोट परत मिळाला १९८१ मध्ये.

दोन्ही बघायची तयारी असेल तर आधी १९३० चा बघा. तासाभराचा आहे, स्पॅनिश येत नसलं तरी अडत नाही, मधल्या पाट्यांचा अंदाज चित्रावरून येतो. सोबत कुठलं तरी नंतर चिकटवलेलं पियानोचं संगीत असेल तर ते सरळ बंद करा. आणि हुआनवर संतापायच्या आधी लुकासच्या कोठाराचा प्रसंग एकदा मागे नेऊन परत बघा.